परक्या भूमीवरील पाळणा

मनुष्य परमुलुखात एकटा राहतो तेव्हा पोशाख, आहार आणि बोलणे यांपुरती तडजोड केली की त्याचे भागते. परतण्याचा विचार मनात पक्का असला म्हणजे असा वास कितीही लांबला तरी तो प्रवासच राहतो. बरोबर मूल असले की प्रश्नाचे स्वरूप पालटते. मुलाला परतण्याचा विचार नसतो. ज्या अंगणात ते रांगते तोच त्याचा देश आणि ज्या स्त्रीच्या मांडीवर ते झोपी जाते तिची बोली हीच त्याची पहिली भाषा. म्हणून परक्या भूमीवर मूल वाढविणाऱ्या आईबापांपुढे त्याच्या दूधपाण्याच्या आणि आजारपणाच्या चिंतेइतकीच आणखी एक चिंता उभी राहते : हे मूल अखेर कोणाचे होणार?

भारत आणि इंग्लंड यांच्या दीर्घ संबंधांत हा प्रश्न दोन्ही किनाऱ्यांवर विचारला गेला. हिंदुस्थानात संसार थाटलेल्या इंग्रज कुटुंबांना तो आपल्या आयांकडे पाहून पडला. इंग्लंडात गेलेल्या पंडिता रमाबाईंना तो आपल्या मनोरमेकडे पाहून पडला. या दोहोंमध्ये तिसरा एक वर्ग होता, साहेबाच्या मुलांना सांभाळीत समुद्र ओलांडणाऱ्या भारतीय आयांचा. त्यांनाही हा प्रश्न पडला असणारच. पण तो त्यांच्या शब्दांत क्वचितच टिकून राहिला आहे. या तीन कहाण्या सहसा वेगवेगळ्या सांगितल्या जातात. एक साम्राज्याच्या सामाजिक इतिहासात, दुसरी स्त्रीसुधारणेच्या इतिहासात आणि तिसरी अलीकडच्या श्रमजीवींच्या इतिहासात येते. त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचल्यास तिन्हींचा अर्थ अधिक उघड होतो.

१

‘आया’ हा शब्द भारतीय भाषांत पोर्तुगीजांबरोबर आला. मूळ ‘आइया’ या शब्दाचा अर्थ मुलांची सांभाळणारीण, दाई असा आहे. गोवा आणि पश्चिम किनारा येथून तो इंग्रजांच्या घरांत शिरला आणि १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याला अँग्लो-इंडियन शब्द म्हणून मानाचे स्थान मिळाले. शब्दाचा हा प्रवासच बोलका आहे. मुले सांभाळण्याचे काम परक्या स्त्रीकडे सोपविण्याची रीत एका युरोपीय सत्तेने आणली, दुसरीने उचलली, आणि शब्द मात्र देशी बायकांच्या नावाऐवजी हाक मारण्यासाठी वापरात राहिला.

अठराव्या शतकातील चित्रांत ही स्त्री प्रथम नजरेस पडते. जोशुआ रेनॉल्ड्स याने १७६५–६६ च्या सुमारास जॉर्ज क्लाइव्हच्या कुटुंबाचे जे चित्र काढले, त्यात एक भारतीय दासी लहान मुलीला सावरून धरीत आहे. योहान झोफानी याने कलकत्त्यात १७८३ च्या सुमारास काढलेल्या सर एलिजा इम्पी यांच्या कुटुंबचित्रात आयांच्या कडेवर मुले आहेत, देशी वादक बसलेले आहेत आणि घरातील मुलगी त्यांच्या तालावर नाचत आहे. कुटुंबातील प्रत्येकाचे नाव इतिहासाला ठाऊक आहे. आयांची नावे चित्रात नाहीत. तरीही ही चित्रे एक गोष्ट लपवीत नाहीत. त्या काळच्या कंपनी अधिकाऱ्याला आपले मूल देशी स्त्रीच्या हाती असल्याची लाज वाटत नव्हती. उलट ते वैभवाचे लक्षण मानून तो त्याचे चित्र काढवून घेत असे.

एकोणिसावे शतक पुढे सरकू लागले तसा हा सैलपणा गेला. इंग्रज स्त्रिया अधिक संख्येने येऊ लागल्या, आणि १८५७ नंतर राज्यकर्ते व प्रजा यांच्यातील अंतर जाणीवपूर्वक राखले जाऊ लागले. गृहिणींसाठी आणि नव्या मातांसाठी मार्गदर्शनपर पुस्तके निघू लागली. फ्लोरा अ‍ॅनी स्टील व ग्रेस गार्डिनर यांचे घरव्यवस्थेवरील पुस्तक (१८८८) त्यांतील सर्वांत प्रसिद्ध होय. अशा पुस्तकांत आणि वैद्यकीय सल्ल्यांत आयेचे चित्र दुहेरी आहे. ती मायाळू आहे, सोशीक आहे, रात्र रात्र मुलाजवळ जागते. आणि त्याच वेळी ती मुलाला फार लाडावते, अफूचे बोट चाटवून झोपविते, देवादिकांच्या व भुताखेतांच्या गोष्टी सांगते आणि आपली भाषा त्याच्या तोंडी बसविते अशीही तक्रार आहे. अफूची भीती वैद्यकीय होती. भाषेची भीती कुठल्या जातीची होती हे तपासण्यासारखे आहे.

मूल हिंदुस्थानी वा मराठी आधी बोलू लागते आणि इंग्रजी मागाहून शिकते, हा अँग्लो-इंडियन घरांचा सार्वत्रिक अनुभव होता. आईबापांना त्याचे कौतुक वाटे, पण ते एका वयापर्यंतच. राज्यकर्त्याच्या मुलाने नोकराच्या बोलीत हुकूम सोडणे ठीक होते. त्याने त्या बोलीत स्वप्ने पाहणे ही गोष्ट वेगळी होती. भाषेबरोबर उच्चार येतो, हातवारे येतात, कोणाला मान द्यावा आणि कोणाला देऊ नये याची समज येते. मुलाचे इंग्रजपण हे जन्माने मिळालेले असूनही संगोपनात हरवू शकते, अशी कबुली या भीतीत दडलेली होती. वंशाच्या श्रेष्ठत्वावर उभ्या असलेल्या राज्याला ही कबुली अडचणीची होती.

२

या अडचणीवर काढलेला तोडगा म्हणजे मुलांची पाठवणी. पाच ते सात वर्षांच्या पुढे युरोपीय मूल उष्ण हवामानात ठेवू नये, असे डॉक्टर सांगत. ते फिकुटते, उंच वाढते पण बळकट होत नाही, असा समज होता. हवामानाचा धोका खोटा नव्हता. हिंदुस्थानातील जुन्या छावण्यांजवळच्या दफनभूमींत मुलांची थडगी जागोजागी आढळतात. परंतु हवामान हेच एकमेव कारण असते तर थंड हवेच्या ठिकाणच्या शाळांनी प्रश्न सुटला असता. सनावर (१८४७) आणि लव्हडेल (१८५८) येथील लॉरेन्स शाळा डोंगरांवरच होत्या. पण त्या मुख्यतः साध्या सैनिकांच्या मुलांसाठी होत्या. ज्यांना परवडत होते ते मुलांना विलायतेसच पाठवीत. येथे वाढलेल्या मुलाच्या बोलण्यातील हेल आणि अंगवळणी पडलेल्या सवयी पुढे त्याच्या बढतीच्या आड येत. म्हणजे आरोग्याच्या भाषेत सांगितलेल्या निर्णयामागे सामाजिक दर्जाचाही हिशेब होता.

कलकत्त्यास १८११ साली जन्मलेला विल्यम मेकपीस ठाकरे पाच वर्षांचा असताना आईला सोडून इंग्लंडला पाठविला गेला. पण या रिवाजाची सर्वांत तीव्र नोंद करणारा लेखक मुंबईत जन्मला. रुडयार्ड किपलिंग याचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी झाला, तेव्हा त्याचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत शिक्षक होते. मृत्यूनंतर १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्याने मुंबईच्या ज्या आठवणी सांगितल्या आहेत त्यांत आईबाप मागे आहेत आणि नोकर पुढे आहेत. पहाटे आयेबरोबर फळबाजारात जाणे, तेथील सोनेरी आणि जांभळे रंग, समुद्रावरील सायंकाळची फेरी, वाटेवरच्या क्रुसाजवळ थांबून प्रार्थना करणारी रोमन कॅथलिक आया, आणि आपल्याला देवळांत घेऊन जाणारा हिंदू नोकर मीता असे हे जग आहे. दुपारी झोपताना गोष्टी आणि गाणी, आणि मग नटूनथटून जेवणघरात जाण्यापूर्वी मिळणारी सूचना : आता आईवडिलांशी इंग्रजीत बोला. मुले ज्या देशी भाषेत विचार करीत व स्वप्ने पाहत, तिच्यातून शब्द शोधून थांबत थांबत इंग्रजी बोलत, असे किपलिंग स्वतः सांगतो.

ही सूचना म्हणजे एका घरातील दोन देशांमधला उंबरठा होय. एका बाजूला भाषा प्रेमाची आहे, दुसऱ्या बाजूला ती शिष्टाचाराची आहे. मूल रोज सायंकाळी हा उंबरठा ओलांडते. १८७१ साली हा उंबरठा समुद्राएवढा रुंद झाला. साडेपाच वर्षांचा रुडयार्ड आणि तीन वर्षांची त्याची बहीण ट्रिक्स यांना आईवडिलांनी इंग्लंडात साउथसी येथे पैसे घेऊन मुले सांभाळणाऱ्या एका कुटुंबात ठेवले. का ठेवले आणि आपण किती काळासाठी जात आहोत, हे मुलांना नीट सांगितले गेले नाही. पुढची पाच-साडेपाच वर्षे तो घराच्या कर्त्या बाईच्या धर्मकठोर छळाखाली होता. १८७७ साली आई परत आली तेव्हा त्याची सुटका झाली. ‘बा बा, ब्लॅक शीप’ (१८८८) ही कथा त्या अनुभवातून आली. तिचा आरंभ मुंबईतील घरात होतो : आया, हमाल आणि सुरती मीता मिळून मुलाला झोपवीत आहेत आणि मूल गोष्टीसाठी हट्ट धरून बसले आहे. पुढे येणाऱ्या क्रौर्याचे माप वाचकाला या पहिल्या प्रसंगावरून मिळते. मुलाकडून काय हिरावले गेले ते लेखकाने आधीच दाखवून ठेवले आहे, आणि ते आयेच्या खोलीत दाखविले आहे.

त्याच काळातील ‘टॉड्ज अमेंडमेंट’ या कथेत किपलिंगने त्याच अनुभवाची सुखान्त बाजू मांडली. सिमल्यातील सहा वर्षांचा टॉड्ज बाजारातल्या माणसांशी त्यांच्या बोलीत गप्पा मारतो. सरकारच्या नव्या कूळकायद्याविषयी लोक काय म्हणतात ते मेजवानीच्या वेळी कायदेमंत्र्याच्या कानी घालतो, आणि मसुद्यात दुरुस्ती होते. कथेतील राजकारण साम्राज्यवादीच आहे; रयतेचे गाऱ्हाणे ऐकले जाण्यासाठी गोऱ्या मुलाचे तोंड लागते. तथापि आयांनी आणि बाजाराने वाढविलेल्या मुलाला जे ज्ञान असते ते कौन्सिलातील विद्वानांना नसते, हेही कथा मान्य करते. किपलिंगच्या लेखनातील भारताची जवळीक आणि त्याच्या मतांतील साम्राज्यनिष्ठा यांचा मेळ कसा घालावा, हा समीक्षकांना छळणारा प्रश्न आहे. त्याचे एक मूळ या दुभंगलेल्या संगोपनात शोधता येते. ज्या भाषेने त्याला प्रेम दिले ती भाषा बोलणाऱ्यांवर राज्य करण्यासाठीच त्याला तिच्यापासून तोडले गेले होते.

३

मुलांची पाठवणी झाली की आयेचे काय होत असे? अनेकदा तीच मुलांना घेऊन जहाजावर चढे. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि आशा भूशिराला वळसा घालून जाणारा महिनोन्‌महिन्यांचा प्रवास काही आठवड्यांवर आला. येणेजाणे वाढले, तशी प्रवासी आयांची गरजही वाढली. समुद्र लागलेल्या मडमेला सावरणे, तान्ह्याचे लंगोट धुणे, मोठ्या मुलांना डेकवर सांभाळणे, सामानावर नजर ठेवणे अशा कामांत निष्णात असलेल्या काही स्त्रियांनी हाच पेशा केला. श्रीमती अँटनी परेरा नावाच्या एका आयेने भारत आणि इंग्लंड यांमधील सफर ५४ वेळा केल्याची नोंद आढळते. नावावरून ही स्त्री पश्चिम किनाऱ्याच्या ख्रिस्ती समाजातील असावी. समुद्रगमनाने धर्म बुडतो की नाही यावर मुंबई-पुण्याचे पंडित ज्या काळात वाद घालीत होते, त्याच काळात अशा स्त्रिया निर्वाहासाठी समुद्र पुन्हा पुन्हा ओलांडीत होत्या. परदेशगमनाच्या आपल्या इतिहासात विद्यार्थी आणि वकील यांची जहाजे मोजली जातात. त्याच जहाजांतील या स्त्रिया मोजणीबाहेर राहिल्या.

लंडनला पोहोचल्यावर मालकिणीने परतीचे भाडे द्यावे किंवा परत जाणारे दुसरे कुटुंब शोधून द्यावे, असा संकेत होता. संकेत पाळला गेला नाही तर दाद मागण्यास जागा नव्हती. १९०८ साली मुंबईहून नेलेल्या एका आयेला पुढे दुसऱ्या कुटुंबाकडे सोपविले गेले, आणि त्या कुटुंबाने तिला एक पौंड हातावर ठेवून लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर सोडून दिले. अशा प्रकरणांत इंडिया ऑफिसची भूमिका, हा मालक-नोकरांतील खाजगी व्यवहार होय, अशीच राहिली. ज्या मुलाला महिनाभर जहाजावर जिवापाड जपले ते मूल आपल्या घरी पोहोचले होते. सांभाळणारी मात्र फलाटावर उभी होती.

अशा स्त्रियांसाठी लंडनमध्ये ‘आयाज होम’ नावाची संस्था चालत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती ऑल्डगेट भागात ज्युरी स्ट्रीटवर होती. १९०० साली लंडन सिटी मिशनने तिचा कारभार हाती घेऊन ती हॅकनी येथील किंग एडवर्ड्स रोडवरील २६ क्रमांकाच्या घरात नेली, आणि १९२१ साली ती त्याच रस्त्यावरील ४ क्रमांकाच्या मोठ्या घरात गेली. तेथे भारतीय आयांप्रमाणेच चीन व आग्नेय आशियातून आलेल्या आमाही उतरत. व्यवहार असा चाले : मालकीण आयेचे परतीचे तिकीट संस्थेच्या व्यवस्थापिकेकडे देई, हिंदुस्थानास निघालेल्या दुसऱ्या कुटुंबाला सोबतीस आया हवी असली की ते तिकीट त्याला दिले जाई आणि आया नव्या मुलांना घेऊन निघे. तोवर शिवण, भरतकाम, स्वयंपाकघरातील मदत आणि मिशनऱ्यांच्या प्रार्थना यांत दिवस जात. संस्था आसरा देई आणि त्याबरोबर धर्मोपदेशही देई. त्या काळच्या परोपकाराच्या या दोन बाजू एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

आयांच्या स्वतःच्या शब्दांतील लेखन जवळजवळ नाहीच. जे आहे ते मिशनऱ्यांच्या अहवालांत, जहाजांच्या प्रवासीयाद्यांत आणि सरकारी टिपणांत आहे. यादीत पुष्कळदा मालकाच्या आडनावापुढे ‘ची आया’ एवढीच नोंद असते. रोझिना विसराम यांच्या १९८६ सालच्या आया, खलाशी आणि राजेरजवाडे यांवरील ग्रंथाने या विखुरलेल्या नोंदी प्रथम एकत्र आणल्या, आणि त्यानंतरच हा विषय इतिहासाच्या कक्षेत आला. जून २०२२ मध्ये हॅकनीतील २६ क्रमांकाच्या घरावर स्मृतिफलक लागला. तोवर हे घर शेजारून जाणाऱ्यांना इतर घरांसारखेच होते.

या स्त्रियांपैकी काहींची स्वतःची मुले मागे राहिलेली असणार, हे सांगण्यास वेगळा पुरावा नको. दुसऱ्याच्या मुलाला अंगाई गाताना त्यांच्या मनात काय येत असेल, याची नोंद करण्याचे कोणाला सुचले नाही. परदेशातील बालसंगोपनाच्या इतिहासात श्रम त्यांचे आहेत आणि आठवणी दुसऱ्यांच्या आहेत.

४

आयांची बाजू अशी निःशब्द असताना, एका भारतीय आईने इंग्लंडात राहून आपल्या मुलीवरील हक्काविषयी केलेला पत्रव्यवहार सुदैवाने टिकला आहे. पंडिता रमाबाई आणि वाँटेज येथील ‘कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन’ या संघातील भगिनी जेराल्डिन यांची पत्रे खुद्द जेराल्डिन यांनीच संकलित करून ठेवली होती. अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळातर्फे प्रसिद्ध झाली. रमाबाईंच्या धर्मांतराचा पुरावा म्हणून ती वारंवार वाचली गेली. त्यांतील मनोरमा मात्र बहुधा तळटीपेत राहते. वास्तविक वादाच्या पुष्कळ धाग्यांची गाठ तिच्यापाशीच पडलेली आहे.

रमाबाईंचे स्वतःचे बालपण घराविना गेले होते. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांवर जगत देशभर हिंडत असे. सहा महिन्यांच्या रमेला वेताच्या पेटीत घालून गंगामूळच्या डोंगरावरून खाली आणले होते, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. आई लक्ष्मीबाई यांनीच मुलीला संस्कृत शिकविले. पुढे दुष्काळात आईवडील गेले, नंतर भाऊ गेला, आणि बंगाली पती बिपिनबिहारी मेधावी हेही १८८२ च्या आरंभी निवर्तले. १६ एप्रिल १८८१ रोजी जन्मलेली मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना करून आणि ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या उत्पन्नातून भाड्याची तरतूद करून रमाबाई १८८३ सालच्या एप्रिलमध्ये इंग्लंडला निघाल्या. वैद्यकशास्त्र शिकावे असा हेतू होता. कानाच्या दोषामुळे तो सोडावा लागला. बरोबर दोन वर्षांची मुलगी होती. भगिनींना मराठी शिकवायचे आणि त्याबद्दल त्यांच्याकडे राहायचे, असा करार होता. म्हणजे आश्रित म्हणून नव्हे, मोबदल्यावर राहणारी शिक्षिका म्हणून त्या गेल्या होत्या. पुढील वादात हा भेद महत्त्वाचा ठरतो.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला आई व मुलगी यांनी बाप्तिस्मा घेतला. तो घेतल्याने भगिनींच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता, तर रमाबाईंच्या दृष्टीने तो तेथून सुरू झाला. ख्रिस्ताचा स्वीकार करणे आणि इंग्लंडच्या चर्चची सर्व मते स्वीकारणे या त्यांना दोन गोष्टी वाटत. त्यांनी शाकाहार सोडला नाही आणि पोशाखही सोडला नाही. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या देखरेखीखाली त्या १८८४ ते १८८६ या काळात शिकत आणि संस्कृत शिकवीत होत्या. त्या काळात मनोरमेचा बराच वेळ वाँटेजच्या भगिनींच्या सहवासात गेला. येथेच संगोपनाचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला. त्रैक्यासारखे जे सिद्धान्त आपल्याच बुद्धीला पटत नाहीत ते मुलीला आधीच शिकविले जाऊ नयेत, असा रमाबाईंचा आग्रह होता. जेराल्डिन यांना यात अहंकार आणि कृतघ्नपणा दिसला. मुलीला खरा धर्म देणे हेच तिच्यावरील प्रेम, असे त्या प्रामाणिकपणे मानीत होत्या. भारतातील पुरोहितशाहीचे जू मानेवरून काढल्यावर दुसरे जू घालून घेण्याची आपली इच्छा नाही, अशा अर्थाचे रमाबाईंचे उत्तर प्रसिद्ध आहे. ते स्वतःपुरते दिलेले नाही. लेकीच्या मानेचाही विचार त्यात आहे.

धर्माइतकीच चिंता देशाची होती. इंग्लंडात वाढून मनोरमेला आपण भारताचे मूल आहोत हे सांगण्याची लाज वाटू नये, आपल्या गरीब देशबांधवांपासून ती दुरावू नये, हे रमाबाईंनी पत्रांतून स्पष्टपणे मांडले आहे. किपलिंगच्या आईवडिलांची भीती आणि रमाबाईंची भीती एकाच जातीची वाटते. दोघांनाही मूल परक्या मातीत रुजण्याचा धोका दिसत होता. परंतु दोघांच्या हाती असलेले उपाय सारखे नव्हते. इंग्रज कुटुंबाच्या घरात आया नोकर होती आणि तिची भाषा एका हुकमाने बंद करता येत होती. वाँटेजमध्ये मूल सांभाळणाऱ्या स्त्रिया यजमान होत्या, गुरू होत्या आणि सत्ताधारी देशाच्या नागरिक होत्या. त्यांना नकार देताना रमाबाईंना डोक्यावरचे छप्परही पणाला लावावे लागत होते.

तरीही हे केवळ भांडण नव्हते. रमाबाई जेराल्डिन यांना पत्रांत ‘आजीबाई’ असे संबोधीत. परक्या देशात मुलीला नात्यागोत्याचे कोणी नव्हते, आणि मराठी कुटुंबातील सर्वांत हक्काचे नाते रमाबाईंनी त्या इंग्रज संन्यासिनीला बहाल केले होते. हे नाते देऊनही आईचा अधिकार त्यांनी सोडला नाही. आजीने लाड करावेत, निर्णय आईने घ्यावा, ही कुटुंबातील जुनी वाटणीच त्या वाँटेजला समजावून सांगत होत्या, असेही या पत्रांचे वाचन करता येईल.

१८८६ च्या आरंभी रमाबाई मनोरमेसह अमेरिकेस गेल्या. ११ मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या उपस्थित होत्या. दहा दिवसांचे मूल गमावलेली आनंदीबाई आणि मूल बरोबर घेऊन देशोदेशी फिरणारी रमाबाई या दोघींची ती भेट होती. पुढे दौरे, व्याख्याने आणि ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) या ग्रंथाचे लेखन यांचा व्याप वाढला, आणि रमाबाईंनी मनोरमेला पुन्हा वाँटेजला आजीबाईंकडे पाठविले. ज्यांच्या शिकवणुकीला विरोध केला त्यांच्याच हाती मूल द्यावे लागले, यात विसंगती आहे खरी. पण एकट्या, कमावत्या आईपुढे परदेशात याहून सुरक्षित हात कोणते होते, हेही विचारले पाहिजे. तेथे असताना रमाबाईंनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले आणि मराठी क्रमिक पुस्तकांची तयारी केली. आपली मुलगी समुद्रापलीकडे असताना त्या दुसऱ्यांच्या मुलींसाठी पहिले वाचन कसे असावे याचा विचार करीत होत्या.

१८८९ च्या फेब्रुवारीत त्या मुंबईस परतल्या आणि ११ मार्चला शारदा सदन उघडले. चार वर्षांतच वाँटेजचा प्रश्न त्यांच्या दारात आला, तो उलट बाजूने. सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ साली पुण्यात वादळ झाले. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. आपण कोणावर सक्ती केली नाही, आपल्या घरात आपली प्रार्थना उघड्या दाराने चालते, असे रमाबाईंचे म्हणणे होते. ते खरे मानले तरी, आश्रयाला आलेल्या मुलावर आश्रय देणाऱ्याच्या श्रद्धेचा दाब पडतोच, हे वाँटेजला पत्रे लिहिणारी आई जाणत होती. रमाबाईंच्या चरित्रकारांनी या दोन प्रसंगांची तुलना क्वचितच केली आहे. ती केल्याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही. पालकत्वाची सत्ता किती अवघड वस्तू आहे एवढेच तीवरून दिसते.

मनोरमा पुढे पुन्हा परदेशी शिकली, परतली आणि आईच्या कार्यात सामील झाली. तिने भारताचे मूल म्हणवून घेण्याची लाज बाळगली नाही. आयुष्य केडगावच्या कामात वेचले. २४ जुलै १९२१ रोजी ती निवर्तली आणि त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

५

तीन कहाण्यांतून एक गोष्ट निष्पन्न होते. परदेशात मूल वाढविताना ते कोणाचे होणार याचा निकाल प्रेमाने लागत नाही, तो सत्तेने लागतो. आयेचे प्रेम मुलाच्या स्मरणात राहिले, पण तिला त्याच्यावर शब्द टाकता आला नाही. वाँटेजच्या भगिनींचे प्रेमही खरे होते. त्यांच्या पाठीशी चर्च आणि साम्राज्य उभे असल्याने ते एका आईला जाचक झाले. रमाबाईंपाशी यांपैकी काहीच नव्हते. होती ती लेखणी आणि विद्वत्ता, आणि तेवढ्या बळावर त्यांनी आपला अधिकार राखला. लेखणी नसलेल्या स्त्रियांचे काय झाले ते हॅकनीच्या घराने पाहिले आहे.

आज लाखो भारतीय कुटुंबे परदेशात मुले वाढवीत आहेत. घरात मराठी बोलावी की नाही, मुलांना कोणते सण दाखवावेत, सांभाळण्यासाठी देशातून आजीला बोलावून घ्यावे की पाळणाघरात ठेवावे, हे त्यांचे प्रश्न नवे वाटतात. मुंबईच्या एका घरात जेवणघराच्या दाराशी मुलांना इंग्रजी बोलण्याची सूचना मिळत होती, आणि वाँटेजच्या एका खोलीत एक मराठी आई आपल्या मुलीसाठी त्याच्या नेमके उलट मागत होती. त्या दोन दारांमधून गेलेला रस्ता अजून वाहता आहे. त्या रस्त्यावरील बहुतेक सांभाळणाऱ्यांची नावे मात्र अद्याप मिळालेली नाहीत.